लढाई तिकडे, पऱ्हाटी इकडे

युद्धानंतर साध्या माणसाचे रोजचे जगणे कसे बदलते, असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन महायुद्धांकडे बोट दाखवले जाते. रेशनची दुकाने, कापडाचा तुटवडा, काळा बाजार, फौजेतून परतलेली माणसे हे सारे त्या काळाच्या आठवणींत येते आणि ते खरेही आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या, किंबहुना वऱ्हाड-नागपूरच्या सगळ्या कापूसपट्ट्यातल्या घरांचा विचार केला, तर त्यांची घडी ज्या युद्धाने मोडली त्यात इथला एकही शिपाई गेला नव्हता. ते युद्ध अमेरिकेत झाले, तिथल्याच उत्तर आणि दक्षिण भागांत झाले आणि 1861 च्या एप्रिलपासून 1865 च्या एप्रिलपर्यंत चालले. इथल्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो तो बहुधा ‘कापसाची तेजी’ या दोन शब्दांपुरता, आणि तेजीमागून मंदी आली एवढे सांगून विषय मिटतो. या प्रस्तावनेत मांडायचे आहे ते वेगळे. त्या युद्धाने आणलेला पैसा आला तसा गेला. पण तो ज्या वाटेने आला ती वाट राहिली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्या वाटेने घरातली एकेक कामे घराबाहेर गेली आणि घरात काय शिजेल, काय नेसले जाईल, कर्ज किती मिळेल हे ठरवणारा भाव परक्या बंदरातून येऊ लागला. युद्धाचा खरा परिणाम मोजायचा तो इथे. रुपयांच्या राशीत तो सापडत नाही.

आधी घटनाक्रम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतून येत असे. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. 1860 च्या तिथल्या जनगणनेत अशा गुलामांची संख्या जवळजवळ 40 लाख भरली होती. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, कापूस अडकला आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून लाखो मजुरांवर उपासमारीची पाळी आली. मग सगळी नजर हिंदुस्थानकडे वळली. एरवी ‘सुरती’ म्हणून नाक मुरडून घेतला जाणारा आखूड धाग्याचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. मुंबईत कापसाचे दर तिपटी-चौपटीने चढले. या पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे 8 कोटी पौंड जास्त पडले, असा अंदाज जुन्या लेखकांनी केला आहे. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांचा तो काळ. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकले जात होते. गाठींत कचरा, पाणी आणि हलकी रुई भरण्याचे प्रकार इतके वाढले की मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी, वायद्यांची मुदत भरताच, मुंबईच्या पेढ्या पत्त्यांसारख्या आडव्या झाल्या. ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. तो कापूस जिथून येत होता तिथली गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते.

वर्ध्याच्या बाबतीत तारखा जुळवून पाहिल्या की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. नागपूरचे राज्य खालसा झाले 1853-54 मध्ये. मध्यप्रांत हा नवा प्रांत बनला 1861 मध्ये, आणि नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला तो 1862 मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली 1867 मध्ये. म्हणजे ज्या चार वर्षांत कापसाला सोन्याचा भाव होता त्या चार वर्षांत ना वर्धा शहर होते, ना वर्ध्याची रेल्वे. हिंगणघाटचा बणी कापूस त्याआधीपासूनच नावाजलेला होता आणि लिव्हरपूलच्या बाजारात तो हिंगणघाटच्याच नावाने ओळखला जाई. पण तो निघायचा बैलांच्या पाठीवर आणि बंड्यांतून, कधी उत्तरेला मिर्झापूरच्या घाटावर गंगेतल्या होड्यांकडे, तर कधी पश्चिमेला मुंबईच्या दिशेने. तेजीचा काळ रस्त्याच्या धुळीत गेला आणि रूळ आले ते मंदीच्या तोंडावर. म्हणून वर्ध्यापुरता ‘युद्धाचा काळ’ आणि ‘युद्धानंतरचा काळ’ यांतला महत्त्वाचा काळ दुसराच ठरतो. भाव उतरल्यावर इथे यंत्रणा उभी राहिली, आणि उभी राहिलेली यंत्रणा भाव उतरला म्हणून कुणी मोडून टाकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. रेल्वेची आखणी लॉर्ड डलहौसीच्या काळातली, युद्धाच्या कितीतरी आधीची. मँचेस्टरचे व्यापारी तर 1840 च्या दशकापासून हिंदुस्थानातल्या कापसासाठी आरडाओरड करत होते. वऱ्हाडचा प्रदेश निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला त्यामागेही कापसाचा लोभ होता. मग सारे श्रेय किंवा सारा दोष अमेरिकेतल्या लढाईला का द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे. युद्धाने नव्याने काही शोधून काढले नाही. आधीचे बेत घाईला आणले आणि त्यांना एकच दिशा दिली. रेल्वे फौजेसाठीही असते, धान्यासाठीही असते. युद्धानंतर या भागात तिच्या फाट्यांचा विचार होऊ लागला तो कापसाच्या बाजारपेठा डोळ्यांपुढे ठेवून. खामगावला जलंबहून काढलेल्या लहानशा फाट्याच्या उद्घाटनाला 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, हे त्या काळच्या प्राधान्याचे पुरेसे बोलके उदाहरण आहे. हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारायंत्राने संदेश जाऊ लागले ते 1865 मध्ये, आणि सुएझचा कालवा खुला झाला 1869 मध्ये. मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला तोही युद्ध संपल्यावर. पुन्हा एकट्या अमेरिकेवर विसंबायचे नाही हा धडा लँकेशायरने घेतला होता, आणि त्या धड्याची किंमत इथल्या शेतात वसूल होणार होती.

दुसरा आक्षेप सुबत्तेचा. त्या तेजीत शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचे फाळ लावले, अशा गोष्टी इंग्रजी अहवालांतून आणि लोकांच्या तोंडून आजवर चालत आल्या आहेत. त्यातले खरे किती आणि मिरवणे किती याचा निवाडा करत बसण्यात अर्थ नाही. चांदी आली होती हे नक्की. दागिने घडले, लग्ने थाटात झाली, बैलजोड्या बदलल्या, विहिरी बांधल्या गेल्या. प्रश्न असा, की ती कुणाकडे थांबली? याच दशकात या जिल्ह्याची जमाबंदी झाली आणि तिने मालगुजार हा जमिनीचा मालक ठरवला. जो आधी सरकारसाठी वसुली करणारा होता त्याच्या हाती विकता येईल, गहाण टाकता येईल असा हक्क आला. एकीकडे कापसाने जमिनीला किंमत चढली होती आणि दुसरीकडे कायद्याने ती किंमत कागदावर उतरवून दिली. सावकाराच्या दृष्टीने याहून चांगला योग नव्हता. पूर्वीचा सावकार कुळाची पत पाहून आणि पीक खळ्यावर येण्याची वाट पाहून धान्य द्यायचा. आता जमिनीवर बोजा चढवून रोख देता येत होते. तेजीत घेतलेले कर्ज तेजीच्या हिशेबाने घेतले जाते आणि मंदीच्या उत्पन्नातून फेडावे लागते. चांदीची धाव सराफाकडे परत जायला दोन-तीन वर्षे पुरतात, पण गहाणखत नातवापर्यंत चालते.

हे वर्ध्यापुरतेच घडले नाही. मुंबई इलाख्यात 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या. त्यामागच्या कारणांत वाढवलेला सारा होता, तशीच कापसाच्या तेजीत सैल सुटलेली आणि नंतर एकदम आवळली गेलेली उधारीही होती. सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. वर्धा-वऱ्हाडात अशी होळी झाली नाही, म्हणून इथे ताण नव्हता असे काही जण मानतात. काळी कसदार जमीन, तुलनेने भरवशाचा पाऊस आणि हाताशी आलेली रेल्वे यांमुळे इथला शेतकरी भाव उतरल्यावरही कापूस लावतच राहिला हे खरे. पण लावत राहणे हे सुखाचेच लक्षण असते असे नाही. देणे रोखीत असेल तर रोख देणारे पीक सोडता येत नाही. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला तरी हिंदुस्थानची निर्यात युद्धापूर्वीच्या पातळीवर परत घसरली नाही. तो माल युरोपातल्या इतर देशांकडे आणि पुढे जपानकडे वळला. म्हणजे भाव गेला, पण पेरा राहिला. पिकावरची ही बांधिलकी युद्धानंतरच्या समाजाचे पहिले लक्षण म्हणता येईल.

आता घरात डोकावू, कारण रोजच्या जगण्यातला बदल शेताच्या बांधापेक्षा माजघरात जास्त दिसतो. युद्धापूर्वी कापूस घरी यायचा आणि बराचसा घरीच किंवा गावातच रुई व्हायचा. बाया रेच्यावर सरकी वेगळी काढायच्या. रुई पिंजली जायची, तिचे पेळू व्हायचे आणि चरख्यावर सूत निघायचे. सूत गावच्या विणकराकडे द्यायचे आणि जाडेभरडे कापड घ्यायचे. विधवा, म्हाताऱ्या, जमीन नसलेल्या बाया यांच्या हाती या कामातून चार पैसे किंवा पायलीभर ज्वारी पडायची. सरकी घरातच राहायची. ती बैलांच्या आंबोणाला लागायची आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षाचे बियाणे निवडले जायचे. रेल्वेमागोमाग वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस आले. शेतकरी बोंडातून काढलेला कापूस सरकीसकट विकू लागला. वरवर ही सोय होती. पण कापसाबरोबर सरकीही गावाबाहेर गेली. बैलाची पेंड विकत घ्यायची वस्तू झाली. जीनमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र पडायचा, त्यामुळे परत मिळणाऱ्या सरकीत दहा जातींची मिसळ असायची. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या बणीची शुद्धता टिकेना, आणि वजनाला जास्त उतरणाऱ्या भरड जातींनी तिची जागा घेतली, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. ज्या कापसासाठी इथे एवढा खटाटोप झाला तो कापूसच त्या खटाटोपाने बिघडवला. बायांच्या बाबतीत बोलायचे तर हाताचे काम गेले आणि मजुरी आली. वेचणी होतीच, आता दिवाळीनंतर जीनमध्ये रोजाने जाणे सुरू झाले. स्वतःच्या ओसरीवर, लेकराला पाहत, सवडीने होणारे काम भोंग्याच्या वेळेला बांधले गेले. हा बदल कुठल्याही लढाईच्या बखरीत येणार नाही, पण घराच्या दिवसाची रचनाच त्याने बदलली.

चरखा थांबला तो आपोआप नव्हे. इंग्लंडातले सूत आणि कापड याच रेल्वेने उलट दिशेने आले. कापूस आयुक्त म्हणून काम केलेल्या रिव्हेट-कारनॅक यांच्या लिखाणात तर हे उघडपणे मांडलेले आहे: विलायती कापड आतवर पोचले तर इथला विणकर टिकणार नाही आणि सुटलेले हात कापसाच्या शेतात येतील, म्हणजे मँचेस्टरला गिऱ्हाईकही मिळेल आणि कच्चा मालही. धोरणाची इतकी स्वच्छ कबुली इतिहासात वारंवार मिळत नाही. फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. रेशमी काठाची लुगडी आणि पागोटी विणणारे नागपूर-उमरेडचे कोष्टी विलायती सूत वापरून तग धरून राहिले. जाडे कापड विणणारे आणि सूत कातणारे लोक, ज्यांत नागपूर प्रदेशातला महार समाज मोठ्या संख्येने होता, त्यांचा आधार आधी सुटला. बंजाऱ्यांचे तर सर्वस्वच गेले. मीठ, धान्य आणि कापूस हजारो बैलांच्या पाठीवर वाहून नेणाऱ्या तांड्यांना आगगाडीपुढे काम उरले नाही. काही तांडे जमीन धरून बसले, काहींवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला. मग गिरण्या आल्या. युद्धकाळात वडिलांच्या पेढीसाठी कापसाच्या व्यवहारात लंडनला गेलेल्या आणि 1865 च्या पडझडीची झळ सोसलेल्या जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि गिऱ्हाईक ही तिन्ही इथे जवळ होती. पुढे हिंगणघाटला आणि पुलगावला गिरण्या निघाल्या. ज्यांचा माग सुटला होता त्यांतले कित्येक या गिरण्यांत साच्यावर उभे राहिले.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, कारण तो नैतिक आहे. हे सारे वर्णन वाचून जुने गाव म्हणजे जणू स्वर्ग होता आणि बाजाराने तो नासवला, असा समज होतो. त्या गावात बलुतेदारी होती, वेठ होती, शिवाशिव होती. ज्याला गावात पाणी भरता येत नव्हते त्याने चरखा बंद पडल्याचे दुःख का करावे? गिरणीत आणि रेल्वेत जातीपेक्षा हजेरी महत्त्वाची होती, निदान पगार रोख होता आणि तो पाटलाच्या मर्जीवर नव्हता. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि माझ्या मुद्द्याला तो छेद देत नाही असेही म्हणतो. रोजच्या जगण्यातला बदल चांगला की वाईट, हा एक प्रश्न. तो कुणी ठरवला, हा दुसरा. नागपूर-विदर्भातल्या दलित चळवळीला शिकलेले, संघटित, शहरात राहणारे कार्यकर्ते मिळाले त्यात गिरणीच्या आणि रेल्वेच्या रोजगाराचा वाटा आहेच. जोतीराव फुल्यांनी हेच युद्ध कसे पाहिले ते या संदर्भात आठवण्यासारखे आहे. 1873 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना मुक्त केले. कापसाच्या भावाकडे पाहणाऱ्यांना त्या युद्धात जे दिसले नाही ते पुण्यातल्या एका माणसाला दिसले. आणि त्याच फुल्यांनी दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याची दैना मांडली. या दोन पुस्तकांत विसंगती नाही. बेड्या तुटणे आणि बोजा चढणे या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडू शकतात, कित्येकदा एकाच घरात घडतात.

बाजाराच्या बाजूने होणारा युक्तिवाद सर्वांत लंगडा पडतो तो दुष्काळापाशी. रोख पीक घ्यावे, पैशाने धान्य घ्यावे, रेल्वे धान्य आणून देईल, हा हिशेब कागदावर चोख होता. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत तो तपासला गेला. दुसऱ्या दुष्काळात या भागात पाऊस जवळपास दगा देऊनच गेला. कापूसही नाही आणि ज्वारीही नाही. रेल्वेने धान्य येत होते, नाही असे नाही. पण ते विकत घ्यायला हातात मजुरी हवी, आणि मजुरी ज्या पिकावर होती तेच बुडाले होते. गावात पेव असते तर पेवातली ज्वारी निदान काही महिने पुरली असती; पण जी ज्वारी भाव मिळताच बाहेर जाते तिचे पेव भरत नाही. जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये 4 लाखांच्या घरात होती. 1901 च्या जनगणनेत ती वाढण्याऐवजी सुमारे 15 हजारांनी घटलेली आढळली. त्यात मृत्यूही होते आणि गाव सोडून गेलेलेही होते. दुष्काळ पूर्वीही पडत होते हे खरे. नवे होते ते हे, की भूक धान्याच्या अभावापेक्षा पैशाच्या अभावातून येऊ लागली. बाजाराने जोडलेल्या समाजाची भूक अशीच असते, आणि ती वर्ध्याने विसावे शतक उजाडतानाच पाहिली.

याच बाजाराने वर्ध्याला मात्र घडवले. राजस्थानातून आलेल्या मारवाडी पेढ्यांनी सावकारी, अडत, जीन आणि प्रेस या वाटांनी शहरात बूड टेकले. त्यांतल्याच बच्छराज शेठजींच्या घरात दत्तक आलेले जमनालाल बजाज. बच्छराजांनी बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी 1928 च्या जुलैमध्ये अस्पृश्यांना खुले केले. विनोबा वर्ध्यात आले 1921 मध्ये, गांधीजी आले 1934 मध्ये. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि 1936 पासून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींचा मुक्काम पडला. चरख्याचे राजकारण कापसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या गावात येऊन वसले, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. 1865 पासून 1934 पर्यंत ओढलेली रेघ फार लांब आहे, मधे स्वदेशी आहे, टिळक आहेत, पहिले महायुद्ध आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो योग्य आहे. एका युद्धातून खादी निघाली असे कुणीच म्हणणार नाही. म्हणायचे ते एवढेच, की खादीचा विचार इथल्या माणसाला परका वाटला नाही, कारण तो ज्या हानीला उत्तर देत होता ती हानी इथल्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीच झाली होती. ग्रामोद्योग संघाने घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद अशी जी कामे हाती घेतली त्यांची यादी पाहिली, तर ती घराबाहेर आणि गावाबाहेर गेलेल्या कामांची यादी आहे. ती कामे परत आणता येतील हा विश्वास फारसा फळला नाही. पण निदान बरोबर बसले होते.

दुसरे महायुद्ध या विवेचनाची एक कसोटी म्हणून पाहता येते. 1943 मध्ये कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आले, कापडाचे वाटप परवान्याने होऊ लागले आणि धान्याचे रेशनिंग अंगवळणी पडले. कापूस पिकवणाऱ्या, शिवाय दोन गिरणीगावे असलेल्या जिल्ह्यात लुगड्यासाठी रांग लागावी, हे वरवर अजब वाटते. त्यात अजब काही नाही. शेतातला कापूस आणि अंगावरचे कापड यांच्यामध्ये शंभर वर्षांपूर्वी एक गल्ली होती. आता त्यांच्यामध्ये जीन, प्रेस, वायदा, गिरणी, ठोक व्यापारी आणि परवाना एवढी घरे लागत होती. महायुद्धाने ही साखळी निर्माण केली नाही, फक्त आवळली. म्हणूनच महायुद्धाची टंचाई संपल्यावर रेशनकार्ड सोडले तर फारसे काही मागे राहिले नाही, आणि अमेरिकेच्या यादवीनंतरचे सारे राहिले. जे युद्ध पुरवठा अडवते ते आठवणीत राहते. जे युद्ध पुरवठ्याची दिशा बदलते ते सवयीत मुरते आणि म्हणून विसरले जाते.

या विषयाच्या साधनांविषयी एक सूचना आवश्यक आहे. चार्ल्स ग्रँट यांचे मध्यप्रांताचे गॅझेटिअर 1870 चे आणि रसेल यांचे वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर 1906 चे. जमाबंदीचे अहवाल, कापूस आयुक्तांची टिपणे, जनगणनेचे तक्ते हे सारे तपशिलांनी खच्चून भरलेले आहे आणि त्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण ही साधने गाठी मोजतात, चुली मोजत नाहीत. कापसाखालचे क्षेत्र किती वाढले ते त्यांत सापडते. त्या घरातल्या सासूने चरखा कोणत्या वर्षी माळ्यावर टाकला ते सापडत नाही. ते शोधायचे तर जात्यावरच्या ओव्या, जुनी खतपत्रे, लग्नाच्या याद्या आणि दुकानांच्या वह्या यांच्याकडे वळावे लागते, आणि त्यांतले प्रत्येक साधन काही सांगते तसे काही लपवतेही. खतपत्रात बाईचे नाव क्वचित येते, ओवीत तारीख येत नाही. अधिकाऱ्याला सुबत्ता दिसली कारण सारा वेळेवर आला. सारा वेळेवर येण्यासाठी काय गहाण पडले ते त्याच्या तक्त्याच्या रकान्यात नव्हते. दोन्ही प्रकारची साधने एकमेकांसमोर बसवून वाचली तरच चित्र पुरे होते.

हे सगळे आज कशासाठी? वर्ध्याला चिकटून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या गावाकडे पाहावे. जनगणनेच्या लेखी ते आता शहर आहे. ज्या शिवारात पऱ्हाटी उभी राहायची तिथे प्लॉट पडले, घरे झाली, आणि राहणाऱ्यांपैकी पुष्कळांचा शेतीशी संबंध सातबाऱ्यापुरता उरला आहे. तरी सभोवतालचा जिल्हा अजून कापसाचाच आहे. महाराष्ट्राने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली तो परक्या भावापासून शेतकऱ्याला आडोसा देण्याचा प्रयत्न होता. तो पुढे मोडला. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. आजच्या संकटाला बियाणे, पाणी, सरकारी धोरण, जागतिक व्यापार अशी पुष्कळ ताजी कारणे आहेत. सगळे खापर दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईवर फोडणे म्हणजे आजच्या जबाबदार माणसांना मोकळे सोडणे होईल. इतिहासाचा उपयोग खापर फोडण्यासाठी करू नये. त्याचा उपयोग प्रश्न नेमका विचारता यावा यासाठी आहे.

तो प्रश्न असा. लांब कुठेतरी लढाई पेटते, एखाद्या जिनसेचा भाव भडकतो आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत संधीची भाषा सुरू होते, तेव्हा किती पैसा येईल याचा अंदाज सगळेच बांधतात. विचारायचे ते हे, की तो पैसा घेण्यासाठी घर कोणते काम सोडणार आहे, कोणते बियाणे हातचे घालवणार आहे, कोणते देणे अंगावर घेणार आहे, आणि भाव उतरल्यावर यांतले काय परत मिळण्याजोगे असेल. 1865 मध्ये वर्ध्याच्या शेतकऱ्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी उत्तर ठरवण्याचे अधिकार त्याच्या हाती नव्हते. आज ते पूर्वीपेक्षा अधिक आहेत. मतपेटी आहे, सहकार आहे, बाजार समिती आहे, शेतकऱ्यांच्या संघटना आहेत. म्हणून हा विषय वाचताना कापसाच्या किती गाठी कुठे गेल्या हे लक्षात राहिले नाही तरी चालेल. प्रत्येक तेजीच्या वेळी हा हिशेब मांडायची सवय लागली तर वाचन सार्थकी लागले असे समजावे.